सणाच्या दिवसाची सुपारी घेताना या चुका टाळा

सोलापुरात गणपती, नवरात्र आणि 31 डिसेंबर या तीन मोसमांत जेवढे नवे बँड फुटतात, तेवढे उरलेल्या वर्षात जुळत नाहीत. भांडण दर वेळी पैशाचंच असतं. त्याचं मूळ सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बुकिंग, घेतली त्या दिवशीच्या दोन मिनिटांच्या फोनमध्ये सापडतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वाजवण्याच्या तासांवर बिदागी ठरवणं. एका मंडळाने पोरांचा बँड बोलावला होता. कार्यक्रम सात ते दहा, तीन तासांचे अमुक पैसे, सगळं तोंडी. मिक्सर माझा होता म्हणून मी तिथेच होतो. पोरं पाचला आली, साउंड चेक करून साडेसहाला तयार. मग आरतीसाठी पाहुण्यांची वाट पाहणं सुरू झालं. पाहुणे आले पावणेनऊला. आरती, सत्कार, नारळ, शाली, भाषणं. पहिलं गाणं सुरू व्हायला नऊ वाजून गेले आणि दहाच्या ठोक्याला पोलिसांनी येऊन आवाज बंद केला. हिशेबाला उत्सव अध्यक्ष म्हणाले, "तासभर तर वाजवलं बे तुम्ही, अर्धे घ्या की." पोरांकडे दाखवायला कागदाचा कपटाही नव्हता. अर्धे घेतले आणि साउंडवाल्याला पूर्ण द्यावे लागले, कारण त्याचे खोके पाच वाजल्यापासून तिथे होते.

उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकर लावता येत नाही, हे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देता येते आणि ते दिवस कुठले हे जिल्हाधिकारी जाहीर करतात. गणपतीचे दहाही दिवस त्यात बसतील असं धरून चालू नका. तुमची तारीख त्यात आहे का ते आधी बघा, मगच तोंडातून आकडा काढा.

मी स्वतः पैसे तासांचे नाही, तारखेचे घेतो. व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवतो: आम्ही किती वाजता पोचणार, किती वाजता आवरणार, पाहुणे उशिरा आले किंवा पोलिसांनी थांबवलं तरी रक्कम तीच, पावसाने रद्द झालं तर इसार परत नाही. समोरून "ओके" आल्याशिवाय तारीख वहीत चढत नाही. "आपलीच माणसं आहेत, कशाला लिहून घ्यायचं," असं म्हणणारी पोरं मला दर वर्षी भेटतात आणि पुढच्या वर्षी बहुधा वेगळ्या बँडमध्ये असतात.

दुसरी चूक, एरवीच्या रेटवर दोन-चार हजार चढवून सणाचा रेट सांगणं. 31 डिसेंबरला ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम, वाजवणाऱ्याला एकाच वेळी चार ठिकाणांहून फोन असतात. एरवी नाईटचे पंधराशे घेणारा त्या दिवशी तीन हजार मागतो आणि त्याचं काही चुकत नाही. आकडे फक्त समजण्यापुरते घ्या. पाच जणांचे तीन हजारांप्रमाणे पंधरा, साउंड आठ, टेम्पो-हमाली दोन, जेवण आणि रात्री उशिरा घरी जायची रिक्षा मिळून एक. हे झाले सव्वीस हजार, आणि अजून बँडच्या डब्यात एक रुपया पडलेला नाही. एरवीच्या वीसवर पाच चढवून "पंचवीस घेतो सर" म्हणणारा पोरगा त्या रात्री घरून हजार घालून वाजवतो. म्हणून मी आधी वादकांना फोन करतो, मग साउंडवाल्याला, आणि गिऱ्हाइकाला सर्वांत शेवटी. त्याने घाई केली तर "संध्याकाळी कळवतो" एवढंच. संध्याकाळपर्यंत न थांबणारं गिऱ्हाईक पैसे द्यायच्या वेळी मात्र महिनाभर थांबवतं.

बाकीच्या चुका लहान आहेत, पण रोजच्या.

शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीतल्या मंडळांना तेलुगू गाणी लागतात, कन्नडचीही फर्माईश येते. ती नीट म्हणणारा गायक वेगळा आणावा लागत असेल तर त्याचे पैसे रेटमध्ये धरा. स्टेजवर मोबाईलमध्ये शब्द बघून गाऊ नका, लोक हसतात.

गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेत, होम मैदानाच्या आसपास कार्यक्रम असेल तर सामान दुपारीच उतरवा. संध्याकाळच्या गर्दीत टेम्पो आत जात नाही. म्हणजे वादकांचा अख्खा दिवस जातो, त्याचे पैसे लावा.

चिंचोळी एमआयडीसीतल्या कंपनीचा दिवाळी कार्यक्रम असेल तर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, कापणार का, ते आधी विचारा. तो रिटर्न भरल्यावर हिशेबात धरला जातो, पण वादकांना त्याच रात्री पैसे हवे असतात.

हॉटेलात सिनेमाची गाणी वाजवायची तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, लायसन्स कोण काढणार, हे त्या चार ओळींतच लिहा. ते काम हॉटेलचं, असंच मी लिहितो.

"पैसे कमी आहेत, पण तुमचं नाव होईल" असं म्हणणाऱ्याला मंडपवाला त्याच भावात मंडप घालतो का, ते विचारा.

भाव पाडून मागितला तर रक्कम कमी करू नका, माणसं कमी करा. पाचाऐवजी तिघं येतील, कीबोर्डवर रिदम लावू. पूर्ण बँड अर्ध्या पैशात एकदा दिला की पुढच्या वर्षीचा नवा अध्यक्ष तोच आकडा धरून बसतो.

आणि उरलेली रक्कम. "उद्या घेऊन जा" म्हणणारा खजिनदार दुसऱ्या दिवशी गावाला गेलेला असतो. इसार निम्मा घेतो आणि बाकीचे मध्यंतरात, चहा पिताना, मोजून. ते हातात आले की मगच दुसरा भाग. पहिल्यांदा मागताना पोरं लाजतात, म्हणून मी त्या कामाला आमच्या ढोलकीवाल्याला पाठवतो. तो तेलुगू, कन्नड आणि मराठी तिन्हींत मागतो.