यूकेत मास्टर्स करताना जोडीदार भारतात: आधी काय ठरवायचं

यूकेला मास्टर्सला निघालेल्या घरात ‘वर्षाचाच तर प्रश्न आहे’ हे हमखास ऐकू येतं. हिशेब तिथेच चुकतो.

१ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या नेहमीच्या, वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सवर नवरा-बायको किंवा मुलं नेता येत नाहीत. पीएचडी, संशोधन-पदव्या आणि काही सरकारी शिष्यवृत्त्या एवढेच अपवाद. खरी मेख पुढे आहे. कोर्सनंतर काही काळ तिथे राहून नोकरी करू देणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावरही जोडीदाराला नव्याने बोलावता येत नाही. तो आधीच स्टुडंट डिपेंडंट, म्हणजे विद्यार्थ्याच्या व्हिसावर अवलंबून आलेला, असावा लागतो. म्हणजे एकत्र राहायचं तर पदवीच्या दर्जाची नोकरी आणि त्या नोकरीवर मिळणारा स्किल्ड वर्कर व्हिसा हवा. जुलै २०२५ पासून त्यासाठी पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंड, करिअरची सुरुवात करणाऱ्या नवख्यांना ३३,४००. त्या पदाचा ठरलेला दर याहून जास्त असेल तर तो. शिवाय १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना दोनऐवजी दीडच वर्ष मिळणार (पीएचडीवाले वेगळे). नोकरीचे अर्ज पहिल्या सत्रातच सुरू करा, प्रबंध संपायची वाट बघू नका.

पूर्वी जोडीदार पूर्णवेळ काम करून घरभाडं काढायचा. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यात भाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही बसवू नका.

विद्यार्थी व्हिसाच्या अर्जात पैसे दाखवताना सर्वांत जास्त घोळ होतो. लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड, बाहेर १,१७१, असे नऊ महिन्यांचे, वर उरलेली फी. रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. एक दिवस जरी कमी पडली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. खातं स्वतःचं किंवा आईवडिलांचं. सासऱ्यांची एफडी चालत नाही, भारतात राहणाऱ्या नवऱ्याचं एकट्याचं खातंही नाही. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव बदललेल्या मुलींनी वडिलांचं खातं दाखवताना जन्मदाखला, संमतिपत्र आणि विवाह प्रमाणपत्र एकत्र जोडावं. लग्नाची नोंदणी राहिली असेल तर निघण्याआधी उरका.

पुढे डिपेंडंट अर्जात नातं टिकून असल्याचे पुरावे लागतात: पैसे पाठवल्याच्या नोंदी, प्रवासाची तिकिटं, कॉल. त्या वेळी प्रौढामागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार (तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीची फी), व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम. मधल्या काळात व्हिजिटर व्हिसा आहेच, पण एका भेटीत जास्तीत जास्त सहा महिने, तिथे नोकरी अजिबात नाही, आणि पाठोपाठ फेऱ्या केल्या की अधिकाऱ्याला संशय येतो.