रुग्णालयाचे नवे व्यवस्थापक हमखास करतात त्या चुका

सकाळच्या राऊंडनंतर डिस्चार्जची तयारी सुरू करणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ठाणे-नवी मुंबईतल्या रुग्णालयांत मी ती सतत पाहते. डॉक्टर म्हणतात, "आज घरी जा." घरचे पिशव्या भरतात. इकडे समरी, म्हणजे उपचारांचा लेखी गोषवारा, लिहिलेली नसते, उरलेली औषधं फार्मसीला परत गेलेली नसतात, म्हणून बिल अडतं आणि बिलापायी विम्याची फाइल.

घोडबंदर रोडवरच्या एका रुग्णालयात शहापूरचे एक आजोबा असेच अडकले. सुट्टी सकाळी मिळाली, फाइल टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याच्या फाइली पाहणाऱ्या टेबलावर, पोचली संध्याकाळी. मुलगी सारखी काउंटरवर, आणि उत्तर एकच, "ताई, होईल आता." त्याच वेळी कॅज्युअल्टीत एक बाई ट्रॉलीवर पडून होत्या, कारण वर बेड रिकामा नव्हता. शोध घेतला तेव्हा परत पाठवायच्या सलाईनच्या बाटल्या आणि त्यांचा कागद वॉर्डातच सापडले. व्यवस्थापकांनी मात्र विमा कंपनीला दोष दिला आणि डिस्चार्ज लाउंज, म्हणजे सुट्टी मिळालेल्यांना बसायची खोली, करायला घेतली. सोफे टाकून बिल लवकर होत नाही.

विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार विमा कंपनीने कॅशलेसची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची असते. पण हे तास रुग्णालयाची विनंती पोचल्यापासून मोजतात. तुमची फाइलच दुपारी चारला निघाली, तर भांडायचं कोणाशी?

माझी पद्धत साधी आहे. आदल्या संध्याकाळी स्वतः वॉर्डात जाऊन प्रत्येक इन्चार्ज सिस्टरला विचारायचं, उद्या कोण जाणार? ती यादी फार्मसी, बिलिंग आणि टीपीए डेस्कला त्याच वेळी द्यायची. औषधं रात्रीच परत, समरीचा कच्चा मसुदा रात्रीच्या आरएमओकडे, म्हणजे निवासी डॉक्टरकडे. सकाळी एखाद्याचा ताप चढला तर नाव खोडायचं, बिघडत काही नाही. हे रोज करावं लागतं. नवी मंडळी आठवडाभरात कंटाळतात आणि सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावतात.

सॉफ्टवेअरचंही तेच. खरेदीच्या बैठकीला रात्रपाळीची सिस्टर नसेल तर ते घेऊच नका. नोंदी तिलाच करायच्या असतात. नाहीतर ती आधी वहीत लिहिते, मग संगणकात, आणि पेशंटजवळचा वेळ जातो.

आयसीयूत खाटा वाढवताना आधी सिस्टर मोजा, मग खाटा. पुढच्या महिन्याच्या ड्युटीचा तक्ता आधीचा महिना संपायच्या आत लावा. आयत्या वेळी सुट्ट्या रद्द करत राहिलात तर शिकवून तयार केलेली मुलगी दुसरीकडे जाणारच.

पिवळ्या पिशवीतला जैविक कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नसतो. गाडी आली नाही तर त्याच दिवशी फोन करा.

तपासणीपुरती आवराआवर मला सहन होत नाही, आणि आगीच्या बाबतीत तर मुळीच नाही. एप्रिल २०२१ मध्ये मुंब्र्यातल्या एका खासगी रुग्णालयाला आग लागून ४ रुग्ण दगावले. तरी आजही आपत्कालीन जिन्यात मोडक्या खाटा आणि ऑक्सिजनचे रिकामे सिलिंडर दिसतात. राज्याच्या कायद्याप्रमाणे अग्निसुरक्षा यंत्रणेचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. त्या दोन महिन्यांच्या भरवशावर राहू नका. दर सोमवारी मी तो जिना वरपासून खालपर्यंत उतरते आणि वाटेत जे सापडेल ते त्याच दिवशी हलवायला लावते.