खोडवा मोडायचा कधी? पडत्या टीमचा रोस्टर वाचायची माझी रीत

2013 साली विवेक रणदिवे यांनी एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधली सॅक्रामेंटो किंग्ज विकत घेतली आणि आडनाव वाचून मी त्या टीमचा झालो. दुसरं काही कारण नाही. मुंबईत जन्मलेला रणदिवे एनबीएतल्या टीमचा मालक होतो म्हटल्यावर बेळगावातल्या माणसाने दुसरी टीम कशाला धरायची? ही टीम 2006 पासून प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीला, पोचलेली नाही, हे नंतर कळलं. पुढं पोचायला 2023 उजाडलं. सलग सोळा सीझन, लीगच्या इतिहासातला सगळ्यात लांब दुष्काळ. पतसंस्थेत माझ्या शेजारच्या टेबलावर गोकाकचा एकजण बसतो, लेकर्सवाला. दर सोमवारी आल्या आल्या विचारायचा, "सोत्रेनरी?" म्हणजे, हरलात का हो? मी सांगायचो, हरलो, पण वाट बघायचा आम्हा सीमाभागातल्या माणसांना 1956 पासून सराव आहे.

त्या वाट बघण्यात माझ्या हाताला एक पद्धत लागली. हरणारी टीम नुसतीच हरतेय की हरता हरता काही उभं करतेय, हे तिच्या रोस्टरवरून, म्हणजे खेळाडूंच्या यादीवरून, ओळखायची. तुमची टीमही पडझडीत असेल तर करून बघा.

रोजकीर्दीला वापरतात तसली लांबट, लाल बाइंडिंगची वही घ्या, खडेबाजारात कुठंही मिळते. ऑक्टोबरात सीझन सुरू व्हायच्या आठवड्यात एक पान आखायचं. वर पंधरा ओळी, कारण नेहमीचे करार पंधराच ठेवता येतात. खाली रेघ मारून आणखी तीन. ते टू-वे करारवाले, मुख्य टीम आणि जी-लीग ही खालची लीग यांच्यात ये-जा करणारे. रकाने चार: नाव, वय, करार कोणत्या साली संपतो, आणि शेवटचा 'कुठल्या सालासाठी?', म्हणजे हा खेळाडू कुठल्या साली खरा उपयोगाला येईल. पॉइंट्सचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. पडक्या टीममध्येही कुणीतरी वीस पॉइंट्स करतोच, शॉट्स कुणीतरी मारावेच लागतात की. त्या वीस पॉइंट्सवर भाळून मी निदान तीन जर्स्या विकत घेतल्यात. त्यातली एक आता आप्पा शेतात पाणी पाजायला जाताना घालतात.

पहिले तीन रकाने पेनने भरा. चौथा पेन्सिलने.

चौथा रकाना

संकेश्वरजवळ हिरण्यकेशीच्या काठाला आमचा दीड एकर ऊस आहे. ज्याच्या घरात ऊस आहे त्याला हा रकाना समजावून सांगावा लागत नाही. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात करायची आणि सोळा-अठरा महिने थांबायचं. सुरूची लागण जानेवारी-फेब्रुवारीत, ती वर्षात तुटते. तोडणी झाली की बुडख्यातून फुटतो तो खोडवा. त्याला बियाणं नको, नांगरट नको, खर्च कमी. म्हणून मोह होतो. पहिला खोडवा बरा येतो, पुढचा त्याहून कमी, आणि तरी माणूस म्हणतो, "अजून एक वर्ष काढू." आमच्या आप्पांनी असं एक-एक वर्ष म्हणत रान पार थकवलं होतं.

एकोणीस-वीस वर्षांचा, उंच, हातपाय अजून ताब्यात न आलेला पोरगा म्हणजे आडसाली. त्याच्याकडून यंदा काही मागायचं नाही. बावीस-चोवीसचा, कॉलेजात तीन-चार वर्षं खेळून आलेला, तो सुरू. आणि तिशीपुढचा नावाजलेला स्कोअरर म्हणजे खोडवा. तिन्ही असायला हरकत नाही. पण चौथ्या रकान्यातली सालं एकमेकांशी जुळली पाहिजेत. एक ओळ 2029 म्हणते, दुसरी 2026, तिसरीचा माणूस पुढच्या वर्षी निवृत्त व्हायच्या बेतात, असं पान दिसलं की समजा, त्या टीमला लागण करायचीय की तोडणी तेच ठरलेलं नाही.

जुळलेलं पान कसं दिसतं ते ओक्लाहोमा सिटी थंडरचं बघा. जुलै 2019 मध्ये त्यांचा मॅनेजर सॅम प्रेस्टी याने 29 वर्षांचा पॉल जॉर्ज क्लिपर्स टीमला दिला. बदल्यात आला शे गिल्जस-अलेक्झांडर, त्याच आठवड्यात एकवीस पूर्ण झालेला, शिवाय डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक्स (पिक म्हणजे दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायची पाळी) आणि दोन पिक-बदल्या, म्हणजे पाळीची अदलाबदल करायचा हक्क. त्याच महिन्यात रसेल वेस्टब्रुकही ह्यूस्टनला गेला आणि 34 वर्षांचा ख्रिस पॉल आला. मला वाटलं, खोडवाच आणला. पण त्यांनी पॉलला एक सीझन खेळवलं, 44 मॅचेस जिंकल्या, त्याची किंमत पुन्हा वर आली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये त्याला फिनिक्सला विकून आणखी पिक घेतला. एकच खोडवा घेतला आणि लगेच नांगर घातला.

मग दोन वर्षं खड्ड्यात: 22 विजय, मग 24. डिसेंबर 2021 मध्ये मेम्फिसकडून 152-79 असा मार खाल्ला. 73 पॉइंट्सचा फरक, एनबीएत इतका मोठा पराभव कुणाचाच झालेला नाही. त्या सकाळी वहीत थंडरच्या पानावर मी लिहिलं होतं, 'बंद करा हे दुकान.' ते अजून तिथं आहे, खोडलेलं नाही. पुढचे आकडे असे: 40 विजय, 57, 68. आणि जून 2025 मध्ये सातव्या मॅचला इंडियानाला हरवून ते चॅम्पियन. वर्तमानपत्रात शेचा फोटो आला. मी मात्र त्या पानाच्या तळाच्या तीन ओळी बघत होतो. 2019 च्या ड्राफ्टमध्ये कुणीही न निवडलेला लू डोर्ट तिथून, टू-वे करारावरून आला आणि चॅम्पियन टीमच्या पहिल्या पाचात खेळला. पडती टीम तळाच्या ओळीत कुणाला आणते हे बघायची सवय लावून घ्या. तिथं ओळखीची म्हातारी नावं दिसायला लागली की काळजी करा.

पिक म्हणजे पुढच्या तारखेचा चेक

पतसंस्थेत चेक आला की आम्ही रक्कम नंतर बघतो, आधी सही कुणाची ते बघतो. पिकचंही तसंच. 'पहिल्या फेरीचे तीन पिक्स मिळाले' ही बातमी अर्धीच आहे. पिक कुणाचा, कुठल्या सालचा आणि अट काय?

क्लिपर्सच्या पाचांपैकी 2022 चा पिक फारसा वर जाणार नाही असं सगळे धरून होते, कारण टीम भारी होती. पण त्या सीझनला कवाय लेनर्ड दुखापतीमुळे एकही मॅच खेळला नाही, टीम प्लेऑफआधीच्या प्ले-इन मॅचेसमध्ये बाहेर पडली आणि पिक बाराव्या नंबरचा निघाला. थंडरने त्यावर जॅलन विल्यम्स घेतला. उलटं उदाहरणही थंडरचंच. 2020 मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाकडून अल हॉरफर्डचा जड करार स्वतःच्या अंगावर घेतला आणि त्या बदल्यात 2025 चा पिक घेतला, पण अट होती: पिक पहिल्या सहात आला तर फिलाडेल्फियाकडेच राहणार. फिलाडेल्फिया 2025 ला इतकी कोसळली की पिक तिसरा आला. चेक त्या साली वटलाच नाही.

तुमच्या टीमने पिक्स विकले असतील तर लाल शाईने लिहा. लागोपाठच्या दोन भावी वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक्स हातात नाहीत, असं होईल असा सौदा लीग करू देत नाही. क्लीव्हलँडचे जुने मालक टेड स्टेपियन यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पिक्स उधळले, म्हणून तो नियम त्यांच्याच नावाने ओळखतात. उधळ्याच्या नावाने नियम पडणं, हे आमच्या भाऊबंदकीतही झालंय, पण ते जाऊ दे.

लॉटरीवर घर बांधू नका

हरत राहिलं की पहिला पिक मिळतो, हा समज 2019 पासून तरी सोडून द्या. पहिला पिक लॉटरीने, म्हणजे सोडतीने ठरतो, आणि 2019 ला सगळ्यात वाईट तीन टीमना त्याची संधी सारखीच केली, 14 टक्के. पूर्वी तळाच्या टीमला 25 टक्के होती. 2025 मध्ये यूटा 17-65 अशी शेवटची होती, तिच्या वाट्याला पाचवा पिक आला. पहिला, म्हणजे कूपर फ्लॅग, गेला डॅलसला. त्यांची संधी होती 1.8 टक्के.

आणि पिक मिळूनही माणूस ओळखावा लागतो. 2018 ला किंग्जकडे दुसरा पिक होता. मार्विन बॅगली घेतला. लुका डॉन्चिच तिसरा गेला. यावर मी दुसरं काही लिहीत नाही. फक्त तोच डॉन्चिच 2025 मध्ये लेकर्सकडे गेला तेव्हा गोकाकच्या मित्राने अख्ख्या ऑफिसला करदंट वाटला आणि माझ्या टेबलावर दोन तुकडे जास्त ठेवले.

म्हातारे किती ठेवायचे

इथं माझा स्वतःचा अनुभव लिहितो. एकतीसचा असताना आमच्या टोळक्याची टीम एका तालुका स्पर्धेत उतरवली होती. कॅप्टन मी, म्हणून पहिल्या पाचात मी. बाकी चौघं माझ्याच वर्गातले. बाकावर पिरनवाडीचा सतरा वर्षांचा एक पोरगा होता. धावायचा नुसता, हरणासारखा. त्याला दोन मॅचमध्ये मिळून सात-आठ मिनिटं दिली असतील. दुसरी मॅच हरलो, माझा गुडघा सुजला, आणि पुढच्या वर्षी तो पोरगा समोरच्या टीमकडून खेळत होता. मलाच चुकवून गेला दोनदा.

म्हणून सगळे म्हातारे काढावेत असं नाही. डेट्रॉइटने 2023-24 ला 28 मॅचेस ओळीने हरून सीझन 14-68 वर संपवला. नुसती पोरं होती, केड कनिंगहॅमने बॉल घेऊन आत शिरावं तर आत गर्दी, कारण बाहेरून मारणारे कमी. त्या उन्हाळ्यात टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर आणले. लांबून बॉल टाकणारी माणसं. समोरच्यांना त्यांच्यामागं बाहेर यावं लागलं, केडला वाट मिळाली, विजय 44. बीझलीचा करार एका वर्षाचा होता, हॅरिसचा दोन. म्हातारा ठेवताना दोन गोष्टी विचारायच्या: तो पोराची वाट मोकळी करतो की अडवतो, आणि त्याचा करार पोराच्या पहिल्या करारापेक्षा आधी संपतो ना? पहिल्या फेरीतल्या पोराचा करार चार वर्षांचा, त्यातली शेवटची दोन टीमच्या मर्जीवर. तेवढ्या काळात तो स्वस्तात मिळतो. ती वर्षं म्हाताऱ्याच्या बाकामागं घालवणं म्हणजे आमच्या तालुका टीमचाच धंदा.

किंग्जने 2024 च्या जुलैत डीमार डिरोझन आणला. मग फेब्रुवारी 2025 मध्ये 27 वर्षांचा डिॲरन फॉक्स सॅन अँटोनियोला दिला, झॅक लाविन आणि काही पिक्स आले. ऑक्टोबर 2025 चं माझं पान: डिरोझन 36, लाविन 30, साबोनिस 29, मंक 27, कीगन मरे 25. चौथा रकाना भरायला बसलो तर पेन्सिल मरेच्याच ओळीवर चालली.

सौद्याचा निकाल दोनदा लिहा

एकदा झाला त्या दिवशी, एकदा तीन वर्षांनी. फेब्रुवारी 2022 मध्ये किंग्जने टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला देऊन डोमांटास साबोनिस घेतला, त्या दिवशी मी जेवलो नाही. 29 फेब्रुवारीला जन्मलेला, एकविसाचा पोरगा, बाराव्या पिकवर सापडलेला, आणि दिला! पुढच्याच सीझनला साबोनिसच्या जोरावर 48 विजय आले, दुष्काळ फिटला, सॅक्रामेंटोत अरीनाच्या छतावरून जांभळा झोत आकाशात सोडतात तो मी फोनवर बघितला आणि पतसंस्थेत कुंदा नेला. 2025 ला हॅलिबर्टनने इंडियानाला फायनलला नेलं. वहीत दोन्ही निकाल एकाखाली एक आहेत, दोन्हीवर सही माझीच.

पहाटे काय बघायचं

हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्वेकडच्या मॅचेस आपल्याकडे साडेपाचला लागतात, मार्चमध्ये त्यांची घड्याळं बदलली की साडेचारला. सॅक्रामेंटोतली मॅच हिवाळ्यात साडेआठला, म्हणजे नेमकी ऑफिसला निघायच्या वेळी. पूर्ण मॅच बघायला मिळणार नाही. पहिला क्वार्टर बघा आणि एकाच पोरावर डोळा ठेवा. त्याचा शॉट चुकला की तो कुठं बघतो? रिंगकडे, रेफ्रीकडे, की वळून आपल्या बास्केटकडे धावतो? धावला की वहीत एक टिंब. दहा मॅचेसची टिंबं मोजा. मग शेवटची सहा मिनिटं, टीम वीसने मागं असताना कोच कुणाला कोर्टवर ठेवतो ते बघा. पोरं असतील तर लागण चाललीय. तिशीचे असतील तर कोचला स्वतःच्या नोकरीची भीती आहे.

डिसेंबरात टिळकवाडीत पहाटे धुकं इतकं असतं की खिडकीतून समोरचं झाड दिसत नाही. गावाकडून आलेली आई अंधारात मोबाईलचा उजेड बघून विचारते, "काय बघूलास रे पाटंचं उठून? जिंकूलेत काय?" नाही म्हटलं की चहा ठेवते.

वही किती पानांची घ्यायची, हे विचाराल. बाकीच्या टीमना शंभर पानी पुरते. किंग्ज धरणार असाल तर दोनशे पानी घ्या.