संकेतस्थळाची सुगम्यता कशी तपासावी

पंचवटीतील धर्मशाळेच्या खोल्या नोंदवणारे संकेतस्थळ अंध यात्रेकरूला वापरता येते का, हे पाहण्यासाठी प्रथम माऊस बाजूला ठेवून केवळ कीबोर्डवरून संपूर्ण अर्ज भरून पाहावा. माझ्या मते निम्मे दोष येथेच उघडे पडतात. मग एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारी संगणकप्रणाली) विंडोजवर बसवून, पडदा बंद करून, पान नुसते ऐकावे. कोडमध्ये पानाची भाषा मराठी अशी नोंदवलेली नसल्यास उच्चार बिघडू शकतात. रामकुंडाच्या छायाचित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचायचे चित्राचे शब्दवर्णन, द्यावा, मात्र ‘छायाचित्र १’ असा नव्हे. सामान्य आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातील फरकाचे गुणोत्तर) किमान ४.५:१ असावा. वेव्हसारखे सुगम्यता तपासणारे स्वयंचलित साधन पर्यायी मजकूर कुठे द्यायचा राहिला ते दाखवते. दिलेला मजकूर अर्थपूर्ण आहे का, हे मात्र प्रशिक्षित माणसालाच, शक्यतो अंध परीक्षकाला, विचारावे.