घरच्या गॅरेजमध्ये मियाटाला टर्बो बसवताय? या चुका टाळा

माझदाची एमएक्स-५, अमेरिकेत जिला सगळे मियाटा म्हणतात, ती १९८९ साली आली. तिला घरच्या घरी टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, बसवायची आता रीतच पडून गेली आहे. गाडी हजार किलोच्या आतबाहेर, मागच्या चाकांवर चालणारी. पहिल्या पिढीतलं १.६ लिटरचं इंजिन अमेरिकी गाडीत ११६ हॉर्सपॉवर देतं, कॉम्प्रेशन ९.४ ला १, ब्लॉक बिडाचा. याच घराण्यातलं टर्बो इंजिन माझदाने आपल्या ३२३ या गाडीत स्वतःच दिलं होतं आणि २००४-०५ मध्ये माझदास्पीड एमएक्स-५ तर कंपनीतूनच टर्बोसकट, १७८ हॉर्सपॉवरची निघाली. त्यामुळे इंजिन टर्बो सोसेल का, हा प्रश्न उरत नाही. तरीही घरी बसवलेले टर्बो इंजिनं खातात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. आधी टर्बो येतो, मग मॅनिफोल्ड (इंजिनाचा एक्झॉस्ट टर्बोला नेणारे नळ), मग चकचकीत पाईप. इंधन, इग्निशन आणि ऑइल यांचा विचार पैसे संपत आल्यावर होतो. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ही शेवटी जोडायची गोष्ट आहे, आणि पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी कायद्याचं. माझदाने भारतात आपल्या कार विकलेल्याच नाहीत, म्हणून हा लेख मुख्यतः अमेरिकेत किंवा इतरत्र राहून जुनी मियाटा घेतलेल्यांसाठी आहे. इथली एखादी गाडी डोळ्यांसमोर ठेवून कोणी वाचत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी बघा. मूळ रचनेत असा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं आहे. कॅलिफोर्नियात राहत असाल तर हवा प्रदूषण मंडळाचा मंजुरी क्रमांक नसलेला टर्बो स्मॉग तपासणीत पास होणार नाही. हे खर्च करण्याआधी कळलेलं बरं.

टर्बोच्या आधीची कामं

तीस वर्षं जुन्या इंजिनाची तब्येत न बघता टर्बो मागवणं ही पहिली चूक. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब बनवतो) करा, आणि त्यावर थांबू नका, लीकडाऊन टेस्टही (भरलेली हवा किती गळते) करा. चारही सिलिंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी इंजिनाचं काम काढा. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये क्रँकचं पुढचं नाक आखूड असतं, आणि तिथली चावीची खाच झिजून पुली डुगडुगायला लागते. क्रँकच्या पुलीवर चार खाचा दिसल्या तर तुमचं इंजिन त्यातलं आहे असं समजा. आठ असल्या तर क्रँक पुढच्या, सुधारलेल्या नमुन्याचा.

मग ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा वाईडबँड ऑक्सिजन सेन्सर. हे दोन्ही गाडी टर्बोविना असतानाच बसवा आणि तशीच काही आठवडे चालवा. थंड इंजिन नीट सुरू होतं का, आयडल स्थिर आहे का, चढावर मिश्रण कसं राहतं, हे सगळं बूस्ट नसताना सुधारता येतं आणि चुकलं तरी इंजिन फुटत नाही. एकाच शनिवार-रविवारी ईसीयू, इंजेक्टर, कॉइल, टर्बो सगळं बदललं आणि सोमवारी गाडी धक्के द्यायला लागली, तर दोष शोधायचा कुठे? टर्बो बसवायच्या आधी गाडी नव्या ईसीयूवर निमूट चालत असली पाहिजे. ज्यांना ही पायरी गाळायची आहे त्यांनी हे काम हातातच घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठा टर्बो, मोठी निराशा

टर्बो निवडताना लोक कमाल हॉर्सपॉवरचा आकडा बघतात. बघायचा असतो कॉम्प्रेसर मॅप, म्हणजे कुठल्या दाबाला टर्बो किती हवा नीट ढकलतो याचा आलेख. समुद्रसपाटीला ८ पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) बूस्ट म्हणजे प्रेशर रेशो, बाहेर पडणाऱ्या आणि आत येणाऱ्या हवेच्या दाबाचं गुणोत्तर, साधारण १.५४. दोनशे हॉर्सपॉवरला मिनिटाला वीसेक पाउंड, म्हणजे नऊ किलो हवा लागते. हा बिंदू मॅपवर मांडा. तो डावीकडच्या सर्ज रेषेला (जिच्यापलीकडे हवा उलटी फिरू लागते) टेकत असेल तर टर्बो मोठा पडतो आणि थोड्या आरपीएमवर पाय दाबला की फडफड ऐकू येते. उजव्या कडेला गेला तर टर्बो छोटा, आणि तो हवेपेक्षा उष्णताच जास्त ढकलतो. गॅरेटचा जीटी२५६०आर या इंजिनाला अनेकांनी बसवला आहे तो याच कारणाने: दोनशेच्या आसपास तो मॅपच्या मधोमध राहतो.

जुना टर्बो घेत असाल तर शाफ्ट बोटांत धरून बघा. आडवा, म्हणजे बाजूला किंचित हलला तर साध्या बेअरिंगच्या टर्बोत ते चालतं, कारण ऑइलचा थर भरला की तो मधे येतो. आत-बाहेर हालचाल बोटाला जाणवली, किंवा पातं घराला घासल्याची चकाकती रेघ दिसली, तर तो तिथेच ठेवून या.

इंधन आणि ठिणगी: इंजिन इथे मरतं

१.६ च्या गाडीत हवा मोजायला झडप असलेला जुना मीटर आहे. झडप पूर्ण उघडली की त्यापुढची हवा त्याला दिसत नाही, आणि बूस्टमध्ये ती लवकरच पूर्ण उघडते. यावर पूर्वी लोक बूस्टबरोबर इंधनाचा दाब वाढवणारा रेग्युलेटर लावून वेळ मारून नेत. आता तसं करायचं कारण उरलेलं नाही. इनटेक मॅनिफोल्डचा, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळांतला, दाब वाचणारा ईसीयू घ्या आणि तो मीटर काढून टाका.

इंजेक्टरचा हिशेब कागदावर होतो. टर्बो इंजिनाला प्रत्येक हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.६ पाउंड पेट्रोल धरा. दोनशेला १२० पाउंड, चार सिलिंडरला वाटून तीस. इंजेक्टर ऐंशी टक्क्यांहून जास्त वेळ उघडा राहू नये म्हणून ०.८ ने भागा: साडेसदतीस पाउंड, म्हणजे मिनिटाला ३९० सीसीच्या जवळपास. मूळचे इंजेक्टर याच्या निम्म्याच्या आसपासचे आहेत. त्यांच्यावर ‘थोडासाच बूस्ट’ चालवून बघू, म्हणणाऱ्यांचे पिस्टन सगळ्यात आधी वितळतात. पेट्रोल पंपही बदला. वरच्या आरपीएमला मिश्रण हळूहळू लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) व्हायला लागलं तर पहिला संशय पंपावर घ्या.

हवा आणि पेट्रोलचं आदर्श मिश्रण १४.७ ला १, पण पूर्ण बूस्टवर ११.५ ते १२ च्या दरम्यान ठेवा. इग्निशन मागे ओढायची, म्हणजे ठिणगी उशिरा पाडायची, सुरुवात दर पीएसआयला एक अंश अशी करा आणि तिथून सावकाश पुढे या. पहिल्या पिढीच्या मियाटात नॉक (मिश्रण अवेळी पेटून होणारी खडखड) ओळखणारा सेन्सर नाही, हे विसरू नका. इंजिन आतून खडखडत असलं तरी गाडी तुम्हाला सांगणार नाही. ब्लॉकला तांब्याची नळी बोल्ट करून, तिला रबरी ट्यूब जोडून, कानावर घट्ट हेडफोन लावून ऐकणारे लोक आहेत. मित्राला चालवायला बसवून हे जरूर करा.

इथे आपल्या लोकांची एक खास गफलत होते. भारतातल्या पंपावरचा ९१ ऑक्टेन आणि अमेरिकेतल्या पंपावरचा ९१ एक नव्हे. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत: आपल्याकडे आकडा आरओएनमध्ये असतो, अमेरिकेत एकेआयमध्ये. अमेरिकेतलं साधं ८७ हे आपल्या ९१ च्या जवळपास पडतं आणि तिथलं ९१ आपल्या ९५-९६ च्या. अमेरिकेतल्या कुणाचा ईसीयूचा मॅप (इंधन आणि ठिणगीचा तक्ता) युरोपात किंवा भारतात जसाच्या तसा भरताना हा फरक धरला नाही, तर इग्निशन कित्येक अंश पुढे राहू शकतं.

स्पार्क प्लग सगळे विसरतात. मूळचे एनजीके बीकेआर६ई-११ आहेत, गॅप १.१ मिलिमीटर. बूस्टमध्ये हवा दाट झाली की एवढी फट ओलांडायला ठिणगीला जमत नाही. एक पायरी थंड, म्हणजे बीकेआर७ई घ्या आणि गॅप ०.७ ते ०.८ ठेवा.

ऑइलची परतवाट

टर्बोला ऑइल पोचवण्याकडे सगळे लक्ष देतात, ते परत कसं येणार याकडे देत नाहीत. टर्बोतून बाहेर पडणारं ऑइल फेसाळलेलं असतं आणि त्याच्यामागे दाब नसतो. ते फक्त स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. म्हणून परतीची नळी जाड हवी, -१० एएनपेक्षा (एएन हे नळीचं माप) बारीक नको, आणि सरळ उभ्यापासून ३५ अंशांहून जास्त कललेली नको. मधे झोळ नको. संपला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला, ती ऑइलच्या पातळीच्या वर मिळाली पाहिजे. यातलं एकही चुकलं तर ऑइल टर्बोत तुंबतं आणि सीलमधून टर्बाइनच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या, बाजूला येतं. गाडी सिग्नलला उभी राहिली की निळा धूर, आणि मालक म्हणतो टर्बोची सील गेली. नवा टर्बो बसवतो. धूर तसाच.

बॉल बेअरिंगच्या टर्बोला पुरवठ्याच्या तोंडाशी रेस्ट्रिक्टर लागतो, साधारण एक मिलिमीटर छिद्राचा. साध्या बेअरिंगच्या टर्बोला तोच लावला तर बेअरिंग उपाशी मरतं. दोन्हींचे नियम एकमेकांना लावू नका.

मियाटाचा संप काढायचा तर खालचा सबफ्रेम उतरवावा लागतो, म्हणून बरेचजण संप जागेवर ठेवूनच परतीचं भोक पाडतात. ते करा, पण ड्रिल आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) ग्रीसने लडबडून, दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसत. शेवटी स्वस्तातलं ऑइल वरून ओतून त्याच भोकातून वाहू द्या आणि फडक्यावर कीस दिसेनासा होईपर्यंत ते चालू ठेवा.

मॅनिफोल्ड आणि ते चार स्टड

घरी केलेला स्टेनलेस मॅनिफोल्ड दिसतो सुंदर, पण ४० सेंटीमीटरचा ३०४ जातीच्या स्टेनलेसचा पाईप सातशे अंशांनी तापला की सुमारे ५ मिलिमीटर वाढतो. ही वाढ कुठेतरी जाणारच, आणि ती वेल्डच्या कडेला भेग पाडून जाते. पातळ नळी वापरू नका, शेड्यूल १० चा पाईप घ्या, आणि टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर लोंबकळत न ठेवता ब्लॉकला ब्रॅकेट द्या. वेल्ड करताना पाईपच्या आतही अरगॉन सोडा. नाहीतर आतली बाजू काळी खरखरीत होते आणि तिचे कण सुटून थेट टर्बाइनच्या पात्यांवर आदळतात. आडव्या-उभ्या वेल्डिंगचा हात बसलेला नसेल तर बिडाचा तयार मॅनिफोल्ड घ्यावा. त्यात काही कमीपणा नाही.

टर्बो आणि मॅनिफोल्डमधले स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) हे मियाटाचं जुनं दुखणं. साधे आठ एमएमचे स्टड लाल होईपर्यंत तापतात, ताणले जातात आणि नट सुटतात. ट्रॅकवर हे फार लवकर होतं. गॅस्केट पुन्हा पुन्हा बदलून उपयोग नाही. इन्कोनेलचे (उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे) स्टड आणि यांत्रिक लॉक असलेले नट वापरा. धाग्याला लावायचं साधं लॉकिंग लिक्विड या तापमानाला जळून जातं.

गरमी

३० अंशांची हवा ८ पीएसआयला दाबली की कॉम्प्रेसरमधून ती जवळजवळ ८७ अंशांनी बाहेर येते. चांगला इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा रेडिएटर) त्यातले चाळीसेक अंश उतरवतो, म्हणून तो गाळू नका. कूलंटचं दुखणं वेगळं आहे. हे इंजिन मुळात पुढच्या चाकांच्या गाड्यांसाठीचं. मियाटात ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवताना पाण्याची ये-जा दोन्ही पुढच्याच टोकाला ठेवली गेली, आणि मागचा चौथा सिलिंडर गरम राहतो. तापमानाचा काटा पुढचं पाणी सांगतो, मागचं नाही. पाणी हेडच्या मागून काढणारा रीरूट बसवा, विशेषतः ट्रॅकवर जाणार असाल तर.

काही बिघडलं तर

बूस्ट वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट सोडून बूस्ट आवरणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगइतकाही येत नसेल तर गळती आहे. टर्बोच्या तोंडाला टोपी लावा, तिला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा, अर्धा बार हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बूस्ट आरपीएमबरोबर चढतच गेला तर वेस्टगेट लहान आहे किंवा त्याच्याकडे जाणारी वाट अवघड आहे. एकदम बेफाम चढला तर वेस्टगेटची नळी निघालेली असते. ही नळी कॉम्प्रेसरच्या तोंडावरून घ्या, क्लिप लावा, आणि ईसीयूमध्ये जादा बूस्टला इंधन तोडायची मर्यादा घालून ठेवा.

डिपस्टिक उडून आली किंवा हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सरच्या ओ-रिंगमधून ऑइल गळायला लागलं, तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ इनटेककडे सोडणारा) बूस्टला उलटा उघडतोय. चांगला एकेरी व्हॉल्व्ह टाका.

बूस्टमध्ये गाडी अडखळते आणि वाईडबँड लीन दाखवतो, तेव्हा लगेच पेट्रोल वाढवू नका. मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपाशी जातो आणि सेन्सर त्यालाच लीन समजतो. आधी प्लग आणि कॉइल बघा. आयडलला लीन दिसत असेल तर सेन्सरच्या आधी एक्झॉस्टची गळती शोधा.

पहिल्यांदा सुरू करताना कॅम अँगल सेन्सरचा वायरचा प्लग काढा, म्हणजे ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद. ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टर मारा, मगच इंजिन जिवंत करा. पहिले दिवस फक्त स्प्रिंगच्या बूस्टवर चालवा, इंजिन थंड झालं की सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा बघा, ईसीयूने नोंदवलेला लॉग वाचा आणि मग अर्धा पीएसआय वाढवा. १९९३ पर्यंतच्या गाडीत मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारे गिअर) ६ इंची आहे. तो या ताकदीला तुटतो, म्हणून १९९४ नंतरचा ७ इंची शोधायला आजच सुरुवात करा.