डांबरी ट्रॅकवरची स्प्रिंट कार रेसिंग : खर्च वाढवणाऱ्या आणि गाड्या घटवणाऱ्या या चुका टाळा

इंडियाना राज्यातल्या अँडरसन स्पीडवेवर ‘लिटल ५००’ ही स्प्रिंट कारची, म्हणजे उघड्या चाकांच्या, लहान पण ताकदवान गाड्यांची, शर्यत १९४९ पासून होत आली आहे. पाव मैलाचा, वळणांवर चांगलाच कललेला ट्रॅक, तीन-तीनच्या अकरा रांगांत उभ्या असलेल्या ३३ गाड्या आणि ५०० फेऱ्या, असे तिचे स्वरूप आहे. मे महिन्याच्या अखेरीस या शर्यतीच्या सगळ्या जागा भरतात, आणि पुढे उन्हाळाभर त्याच परिसरातल्या साध्या शर्यतींना मोजक्या गाड्या येतात. म्हणजे गाड्या नाहीत असे नाही. त्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभ्या आहेत. त्या बाहेर का निघत नाहीत असे विचारले की ‘परवडत नाही’ एवढेच उत्तर मिळते, पण न परवडण्यातला मोठा भाग टाळता येण्याजोग्या चुकांचा असतो, आणि त्या चुका दर मोसमात नव्याने केल्या जातात.

पुण्याहून इंडियानातल्याच कोलंबसला डिझेल इंजिनांच्या कामासाठी आलेल्या आमच्यासारख्यांना या खेळाची ओढ लागणे स्वाभाविक आहे. प्रसिद्ध शर्यतपटू टोनी स्टुअर्ट याच गावचा. कॉलेजात ‘बाहा’ या विद्यार्थी-स्पर्धेची गाडी बांधलेली मुले इथे नोकरीला लागली की शनिवारी कोणाच्या तरी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, हात काळे करायला जातात, आणि त्यातल्या एखाद्याला स्वतःची गाडी असावी असे वाटू लागते. पुढचे बहुतेक लिखाण त्यांच्यासाठी आहे; काही मात्र शर्यती भरवणाऱ्यांसाठी आहे, कारण त्यांच्या चुका अधिक महाग पडतात.

पहिल्याच वर्षी ४१० इंजिन घेणे

४१० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.७ लिटरचे, अॅल्युमिनियम ब्लॉकचे इंजिन ९०० अश्वशक्तीच्या आसपास ताकद देते. पाव मैलाच्या ट्रॅकवर नवशिक्याला त्यातली निम्मीही वापरता येत नाही, कारण वळणातून बाहेर पडताना मागचे चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी बाजूला जाते. जपून वापरलेले ३६० घन इंचांचे इंजिन घ्यावे, एक मोसम त्याच्यावर काढावा आणि वळणातून गाडी नेण्याची योग्य रेषा शिकावी. शिवाय इंजिन किती जगेल हे मुख्यतः आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर, ठरते. क्विक-चेंज डिफरेन्शियलमध्ये मागचे झाकण काढून गिअरची जोडी काही मिनिटांत बदलता येते. लॅपमध्ये अगदी थोडा वेळ गमावून थोडा उंच, म्हणजे इंजिन कमी फिरवणारा, गिअर लावला, तर व्हॉल्व्ह स्प्रिंगा बऱ्याच जास्त शर्यती टिकतात. हे सांगितले की नवशिके मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी छोटा गिअर लावून येतात.

मिथेनॉलची साफसफाई पुढच्या आठवड्यावर ढकलणे

या चुकीवर मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण तिच्यामुळे जितकी चांगली इंजिने वाया जाताना मी पाहिली तितकी कोणत्याही अपघातात पाहिली नाहीत. या गाड्या मिथेनॉलवर चालतात. ते हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि अॅल्युमिनियमला खाते; गाडी तशीच उभी ठेवली की पंपात, बॅरल व्हॉल्व्हमध्ये (इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या झडपेत) आणि इंधन फवारणाऱ्या नोझलमध्ये पांढरी भुकटी तयार होते. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचे नोझल असते आणि त्याचे छिद्र इतके बारीक असते की त्या भुकटीचा एक कणही पुरेसा होतो. नोझल पूर्ण बंद झाले तर तो सिलिंडर पेटतच नाही, आणि ते एकापरी बरे, कारण दोष लगेच कळतो. अर्धवट बंद झाले तर सिलिंडरला इंधन कमी आणि हवा तेवढीच मिळते, आतले तापमान वाढत जाते, आणि चालकाला काहीही जाणवायच्या आत पिस्टनला भोक पडते.

काही वर्षांपूर्वी एका सराव सत्रात आमच्या शेजारच्या पिटमधल्या तरुण संघाची गाडी अडखळत होती. मागच्या शर्यतीनंतर ती जशी ट्रेलरमध्ये चढवली होती, तशीच त्या दिवशी उतरवली होती. त्यांनी आधी मॅग्नेटोला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राला, दोष दिला आणि कोणाकडून तरी दुसरा मॅग्नेटो मागून बसवला. त्याने फरक पडला नाही, तेव्हा इंजिनाला इंधन कमी पडत असेल असे समजून त्यांनी इंजेक्शनची मुख्य पिल (मोजके छिद्र असलेला छोटा तुकडा) बदलून मोठी घातली. कार्ब्युरेटरवर शिकलेला प्रत्येक जण इथे फसतो. या यांत्रिक इंजेक्शनमध्ये पिल ही टाकीकडे परत जाणाऱ्या वाटेवर बसलेली असते. छिद्र मोठे केले की जास्त इंधन टाकीत परत जाते आणि इंजिनाला उलट कमी मिळते. आधीच उपाशी असलेल्या इंजिनाच्या ताटातले त्यांनी आणखी काढून घेतले होते.

मी इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन आठही एक्झॉस्ट पाइप मोजले. सात गरम होते, उजवीकडचा तिसरा जवळजवळ थंड होता. त्या सिलिंडरचे नोझल काढून उजेडाकडे धरले तर आरपार काहीच दिसत नव्हते. त्यांनी ते हवेने फुंकून साफ केले, इंजिन आठही सिलिंडरवर चालू लागले, आणि पुढच्या सत्राची वेळ झाली होती म्हणून ते निघाले. उरलेली सात नोझल काढा, गाळणी बघा, पिल मूळची घाला, हे माझे सांगणे त्यांना वेळकाढूपणाचे वाटले. पंपात आणि नळ्यांत राहिलेली भुकटी पुढे सरकून दुसऱ्या नोझलमध्ये अडकली, पण या वेळी अर्धवट. सहाव्या-सातव्या फेरीत गाडीमागे निळसर धूर दिसला. पिस्टन गेला होता, त्याच्या तुकड्यांनी सिलिंडर आणि हेड दोन्ही खराब केले होते. ती गाडी त्या वर्षी पुन्हा ट्रॅकवर आली नाही, आणि त्यांच्याबरोबर येणारे कुटुंब, मित्र आणि मदतनीसही आले नाहीत. एका नोझलमुळे मैदानातली एक गाडी आणि प्रेक्षकांतली दहा-बारा माणसे अशी कमी होतात.

माझी सवय अशी आहे की टाकी रिकामी केल्याशिवाय मी ट्रॅक सोडत नाही. घरी आल्यावर, कितीही उशीर झाला तरी, नोझल काढून क्रमांक टाकलेल्या ट्रेमध्ये ठेवतो, कारण प्रत्येक नोझल आपल्याच जागी परत जायला हवे. प्रत्येकाच्या आरपार उजेड पाहतो, पंपात आणि नळ्यांत वंगणयुक्त द्रव फिरवतो, आणि तेल बदलतो. सिलिंडरमधून खाली उतरलेले मिथेनॉल तेलात मिसळलेले असते आणि झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ थर दिसला की ते तेल बेअरिंगांचा जीव घेणार हे नक्की. या सगळ्याला लागणारा वेळ एका चित्रपटापेक्षा कमी आहे. ज्याला तेवढाही धीर नाही त्याने मिथेनॉलवर चालणारी गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही लहान चुका

सरावासाठी नवे टायर लावू नका. सरावात गाडी समजून घ्यायची असते, आणि ती जुन्या टायरवर अधिक प्रामाणिकपणे बोलते.

उजव्या मागच्या टायरचा घेर डाव्यापेक्षा मोठा ठेवतात, त्याला स्टॅगर म्हणतात. तो फक्त दुकानात मोजू नका. टायर तापल्यावर पुन्हा मोजा. वळणात गाडी बिघडली की शॉक अॅब्सॉर्बर बदलायला धावणारे बरेच जण फितीने घेर मोजायचे विसरलेले असतात.

स्टार्टर नसल्याने गाडी मागून ढकलून सुरू करतात. तेलाचा दाब मीटरवर दिसेपर्यंत मॅग्नेटोचा स्विच लावू नका.

सीटबेल्ट, मानेचा आधार आणि सीट यांत काटकसर नको. बेल्टवर तारीख असते; ती उलटून गेली असेल तर बेल्ट कितीही नवा दिसला तरी बदला. मिथेनॉलची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, म्हणून अग्निशामक हाताशी असलाच पाहिजे.

आयोजकांची चूक : गाड्या कमी झाल्या की नवा ‘स्वस्त’ वर्ग काढणे

एक काळ असा होता की इंडियानापोलिस रेसवे पार्कच्या डांबरी ट्रॅकवरच्या शर्यती ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर दिसत आणि जेफ गॉर्डनसारखे चालक तिथूनच देशभर माहीत झाले. पुढे यूसॅक या शर्यती भरवणाऱ्या संघटनेने आपली राष्ट्रीय स्प्रिंट मालिका केवळ मातीच्या ट्रॅकवर नेली, आणि डांबरी ट्रॅकवर वेगवेगळ्या भागांतल्या वेगवेगळ्या मालिका उरल्या. इथून पुढची घसरण मात्र आपल्याच माणसांनी ओढवून घेतली आहे.

समजा एखाद्या ठिकाणी १६ गाड्या येतात. आयोजकाला वाटते, खर्च कमी केला तर २४ येतील. म्हणून तो लहान इंजिनांचा वेगळा वर्ग काढतो. प्रत्यक्षात जुन्यातल्या सहा-सात गाड्या नव्या वर्गात जातात, नव्या दोन येतात, आणि आता दोन अशक्त शर्यती भरतात, ज्यांपैकी एकही पाहण्यासारखी नसते. बक्षिसाची रक्कम दोन ठिकाणी वाटली जाते. दोन वर्षांनी नवा वर्ग बंद पडतो, आणि ज्यांनी त्यासाठी इंजिने बांधली त्यांच्याकडे कुठेच न चालणारे लोखंड उरते. असा माणूस परत येत नाही, आणि तो इतरांनाही सावध करतो.

यावर माझा उपाय असा. इंजिनांच्या नियमांची जाडजूड वही लिहिण्यापेक्षा उजवा मागचा टायर कडक आणि सर्वांना एकच द्यावा. ९०० अश्वशक्ती जमिनीपर्यंत पोहोचतच नसेल, तर ती विकत घेण्याचे कारणच संपते. आणि टायर तपासायला पिटच्या दारावर एक माणूस पुरतो, इंजिन उघडावे लागत नाही. मग ३६० आणि ४१० एकाच शर्यतीत धावू द्या, वजनात थोडी सवलत द्या, आणि कोणी सीलबंद क्रेट इंजिन (कारखान्यातून तयार येणारे) घेऊन आला तर त्यालाही जागा करून द्या. मातीच्या ट्रॅकवर ‘रेससेव्हर’च्या ३०५ घन इंचांच्या वर्गाने हे दाखवून दिले आहे की नियम अनेक राज्यांत एकच असला की गाडीवाला शेजारच्या राज्यातही जातो. डांबरी ट्रॅकवर मात्र एका मालिकेत चालणारी विंग (हवेच्या दाबाने गाडी जमिनीकडे दाबणारा वरचा पत्रा) किंवा टायर दुसरीकडे चालत नाही, आणि माणूस तीन तास प्रवास करण्याऐवजी घरी बसतो. शेजारच्या दोन आयोजकांनी हिवाळ्यात एका टेबलाशी बसून टायर आणि विंग एकच ठरवावी, आणि तो नियम तीन वर्षे हलणार नाही असे लेखी जाहीर करावे. नियम दरवर्षी बदलणे हाच या खेळातला सगळ्यात मोठा खर्च आहे, कारण तो पैसेवाल्याला जड जात नाही आणि बाकीच्यांना बाहेर ढकलतो.

बक्षिसांबाबतही तेच. पहिल्या क्रमांकाची रक्कम वाढवली की जाहिरात छान दिसते, पण जिंकणारे तीन-चार जण तसेही येणारच असतात. तोच पैसा बाराव्या ते विसाव्या क्रमांकाला वाटा, म्हणजे शेवटी आलेल्याचा निदान डिझेलचा आणि एका टायरचा खर्च निघेल आणि तो पुढच्या शर्यतीचे नाव त्याच रात्री नोंदवून जाईल. सराव, पात्रता फेरी आणि शर्यत एकाच दिवशी आटोपा. दुसऱ्या दिवसासाठी हॉटेल आणि रजा दोन्ही लागतात. आणि तारखा ठरवताना शंभर मैलांच्या आतल्या दुसऱ्या डांबरी ट्रॅकला आधी फोन करा.