दात खाणाऱ्यांनी जबड्याच्या सांध्याची तपासणी कशी करून घ्यावी

घरात कोणी झोपेत करकर दात खात असेल, तर त्याला जंत झाले असतील असे सांगणारे हमखास भेटतात. ठाण्यात नौपाड्यातील माझ्या दवाखान्यात येणारे बरेच रुग्ण तो टप्पा ओलांडून आलेले असतात आणि आल्या आल्या 'एमआरआय करून घेऊ का?' असे विचारतात. त्यांना प्रथम हे सांगावे लागते की, माणूस दात खातो की नाही हे सांध्याच्या कोणत्याही चित्रात दिसत नाही. ते घासलेल्या दातांवरून, शेजारी झोपणाऱ्याच्या सांगण्यावरून आणि खात्रीच हवी असेल तर झोपेच्या तपासणीत घेतलेल्या स्नायूंच्या विद्युत नोंदीवरून ठरते. चित्रातून कळते ती केवळ सांध्याची अवस्था, आणि म्हणून सांध्याविषयी आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे हे आधी ठरवावे.

त्यासाठी कानाच्या छिद्राच्या किंचित पुढे दोन्ही बाजूंना एकेक बोट ठेवून तोंड सावकाश उघडावे आणि मिटावे. बोटाखाली जी हाडाची घुंडी सरकते, ते खालच्या जबड्याचे टोक होय. ती घुंडी आणि कवटीची खाच यांच्यामध्ये एक पातळ चकती असते. 'टक्' असा आवाज येत असेल तर चकती पुढे सरकून पुन्हा जागेवर येत असण्याचा संभव असतो. रवा चावल्यासारखी कचकच जाणवत असेल तर हाडाचा पृष्ठभाग खडबडीत झाल्याची शंका घ्यावी. नंतर पट्टीने वरच्या आणि खालच्या पुढील दातांच्या कडांमधील अंतर मोजावे. प्रौढ माणसाचे तोंड साधारणपणे ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उघडते. ते पुरेसे उघडत असेल आणि सकाळी फक्त गाल व कानशिले आखडत असतील, तर दुखणे बहुधा स्नायूंचे असते आणि अशा रुग्णाला मी चित्रतपासणीसाठी पाठवत नाही. तोंड उघडणे कमी होत चालले असेल, जबडा अडकत असेल, दातांची मिटणी बदलली असेल किंवा चेहऱ्याला बधिरपणा येत असेल, तर मात्र उशीर करू नये.

ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे आणि सर्व दात एकत्र दाखवणारा एक्स-रे, स्वस्त आहे आणि दुखणे दाताचे तर नाही ना, हे पाहण्यास उपयोगी आहे. तो काढताना पुढच्या दातांत खाच असलेली कांडी धरावी लागते आणि त्यामुळे जबडा नेहमीच्या जागेवरून पुढे येतो. म्हणून त्यावरून सांध्यातील अंतराविषयी निष्कर्ष काढू नये.

हाडाची झीज पाहायची असेल तर सीबीसीटी, म्हणजे हाडे तिन्ही मितींत दाखवणारा एक्स-रे स्कॅन, करावा. त्यात दोन्ही सांधे आले पाहिजेत आणि मागचे दात नेहमीसारखे मिटलेले असले पाहिजेत. गर्भवती स्त्रीने तसे आधीच सांगावे. नेरुळ आणि खारघर येथील दंत महाविद्यालयांतही याविषयी चौकशी करता येते.

चकती पाहायची असेल तर एमआरआयला पर्याय नाही, आणि येथेच सर्वाधिक घोटाळा होतो. ऐरोलीहून रात्रपाळी संपवून थेट माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाचे तोंड जेमतेम २५ मिलिमीटर उघडत होते. त्याचा एमआरआय फक्त तोंड मिटून काढलेला होता. चकती पुढे गेल्याचे त्यात दिसत होते. परंतु तोंड उघडताना ती जागेवर परतते की नाही, हे कळण्यास मार्ग नव्हता. त्याला पुन्हा पैसे आणि आणखी एक रजा खर्चावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते, कारण मी चिठ्ठीत 'सांध्याचा एमआरआय' एवढेच लिहिले होते. तेव्हापासून मी 'दोन्ही सांधे. तोंड मिटून आणि उघडून. काप घुंडीच्या लांबीला काटकोनात' असे पूर्ण लिहितो; काप म्हणजे एमआरआयमध्ये दिसणारी पातळ थरांची चित्रे. रुग्णानेही चिठ्ठीत हे आहे ना, ते पाहून घ्यावे. तोंड उघडे राहावे म्हणून दातांमध्ये लाकडी चपट्या काड्यांची चिकटपट्टीने बांधलेली जुडी किंवा तसाच आधार देतात; तो किती जाड असावा हे यंत्रात आडवे होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे, कारण मध्येच जबडा हलला तर चित्र अस्पष्ट येते. काढता येणारी कवळी काढून ठेवावी, आणि पेसमेकर, कानातील इम्प्लांट किंवा दातांच्या तारा असल्यास आधी कळवावे.

अहवाल हाती आल्यावर शब्दांना घाबरू नये. तोंड मिटलेले असताना चकतीचा मागचा जाड भाग घुंडीच्या माथ्यावर, घड्याळात बारा असतात त्या जागी असणे, हे सर्वसाधारण मानले जाते. परंतु काहीही तक्रार नसलेल्या माणसांपैकीही साधारण एक तृतीयांशांमध्ये ती सरकलेली आढळते. तसेच घुंडी थोडी चपटी होणे किंवा तिच्या कडेचे हाड दाट दिसणे, एवढ्यावरून संधिवात ठरत नाही. अनेकदा तो भाराशी जुळवून घेताना हाडात झालेला बदल असतो. पृष्ठभाग कुरतडल्यासारखा दिसणे, हाडाला टोके फुटणे आणि पृष्ठभागाखाली पोकळ्या होणे ही खरी झिजेची चिन्हे होत, आणि तीही रुग्णाच्या तक्रारीशी ताडून पाहावी लागतात. अहवालात काहीही असले तरी केवळ त्यावरून शस्त्रक्रियेला होकार देऊ नये. ज्या डॉक्टरांनी बोटांनी सांधा तपासला आहे, त्यांनाच ती चित्रे दाखवावीत.

मोबाइलवर काढलेले फिल्मचे फोटो पुढे तुलनेसाठी निरुपयोगी ठरतात. म्हणून सेंटरकडून मूळ चित्रांची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्यावा आणि पाकिटावर तारीख, त्या दिवशी तोंड किती मिलिमीटर उघडत होते आणि आवाज कोणत्या बाजूला येत होता, हे पेनाने लिहून ठेवावे.